संदकफूच्या दोन किलोमीटर अलीकडे: एका माघारीचं प्रकरण

दार्जिलिंगकडच्या संदकफूच्या वाटेवर एप्रिल महिन्यात आमच्या नऊ जणांच्या गटातले एक ज्येष्ठ सोबती शिखराच्या दोन किलोमीटर अलीकडे उंचीच्या आजारानं तोल जाऊन बसले. त्यांना खाली आणलं, ते बरे झाले, आज स्वतःच्या शेतात उभे आहेत. तरीही मी त्या तीन दिवसांचा एकेक तास पुन्हा मांडून पाहत असतो. जे निभावलं ते थोडक्यात निभावलं, आणि जे बिघडलं त्याची सुरुवात मी जळगावात बसून केली होती. आपल्याकडून आता दरवर्षी बरेच गट हिमालयात जाऊ लागलेत, त्यांच्यापुढे हे सगळं असावं म्हणून लिहितो. ज्यांच्यावर बेतलं त्यांची संमती आहे. त्यांना मी इथेही जिभाऊच म्हणणार, कारण गटात त्यांना दुसऱ्या नावानं कोणी हाक मारत नाही.

जिभाऊ 54 वर्षांचे, धुळे जिल्ह्यातले कापूस-मक्याचे शेतकरी. चालण्यात त्यांच्या तोडीचा माणूस आमच्यात नाही. चैत्रात वणीच्या सप्तशृंगीला पायी जाणारे, धनत्रयोदशीच्या सुमारास रात्रीच्या अंधारात अस्तंबा चढणारे. जखमेवर लावायला तेल मागत अश्वत्थामा आजही त्या डोंगरात फिरतो अशी आपल्या भागाची श्रद्धा आहे. जिभाऊ दरवर्षी न चुकता तेलाची बाटली घेऊन जातात. पायाला फोड आले, पाऊस आला, तरी वाटेतून मागं फिरलेले ते कोणाला आठवत नाहीत. ही गोष्ट त्यांच्या स्वभावात आहे आणि आपल्या सगळ्या यात्रांमध्येही आहे. एकदा निघालं की देवाच्या पायरीला हात लागल्याशिवाय परतायचं नाही. पुढं जे झालं त्यात या शिस्तीचा मोठा वाटा आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

वाट कशी आहे

संदकफू म्हणजे पश्चिम बंगालमधली सगळ्यात उंच जागा, 3636 मीटर. सिंगालीला नावाच्या डोंगररांगेवर ती आहे आणि ही रांगच भारत आणि नेपाळची सरहद्द आहे. दार्जिलिंग जिल्ह्यातल्या माणेभंजन या गावातून वाट निघते आणि 31 किलोमीटर सरहद्दीला धरून वर जाते. कधी आपण भारतात असतो, कधी नेपाळात. मधे कुंपण नाही, नुसते दगडी खांब. तुमलिंग नेपाळात, गैरीबास भारतात, आणि काही वस्त्यांमध्ये तर एका देशात झोपून दुसऱ्या देशात चहा प्यायला जावं लागतं. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे आपल्याला व्हिसा लागत नाही, पण सशस्त्र सीमा बलाच्या ठाण्यांवर ओळखपत्र दाखवून नोंद करावी लागते. मोबाईल मधेच नेपाळचं नेटवर्क पकडतो आणि घड्याळ आपोआप पंधरा मिनिटं पुढं सरकतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला याची गंमत वाटते. आमच्या प्रकरणात या नेटवर्कनं मोठं काम केलं.

लोक इथं जातात ते दर्शनासाठी. आकाश मोकळं असेल तर जगातल्या पाच सर्वोच्च शिखरांपैकी चार एका जागेवरून दिसतात: एव्हरेस्ट, कांचनजंगा, ल्होत्से आणि मकालू. कांचनजंगेची रांग तर उताण्या झोपलेल्या माणसासारखी दिसते, तिला निद्रिस्त बुद्ध म्हणतात. एप्रिलमध्ये उतारांवर गुरांसची, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची, लालभडक फुलं असतात. पावसाळ्याचे तीन महिने सिंगालीला राष्ट्रीय उद्यान बंद असतं, म्हणून एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरनंतर जायचं.

वर माणेभंजनपासून शिखरापर्यंत गाडीवाट आहे. इंग्रजी बनावटीच्या जुन्या लँड रोव्हर अजूनही तिथल्या दगडांवरून चढतात. गाडी जाते म्हणजे वाट सोपी, असं आम्हाला वाटलं होतं. पायांच्या हिशेबानं ते बरोबरही आहे. साल्हेरची चढण चढलेल्याला ही वाट जड नाही.

पण उंचीचा हिशेब वेगळा आहे, आणि तो आपल्याला घरी बसून शिकता येत नाही. जळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 200 मीटरवर. आम्ही सरावाला जातो ते तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास. अस्तंबा त्याहून थोडा उंच. साल्हेर 1567, आणि अख्ख्या महाराष्ट्राचं टोक असलेलं कळसूबाई 1646. संदकफूची वाट जिथून सुरू होते ते माणेभंजनच दोन हजार मीटरच्या घरात आहे. म्हणजे आपलं सर्वात उंच शिखर जिथं संपतं त्याच्याही वर तिथला पहिला चहा होतो. आमच्या गटाची पन्नास वर्षांची एकत्र पुण्याई गोळा केली तरी 2500 मीटरच्या वर रात्र काढलेला माणूस एकच निघाला असता. तो मी, आणि माझीही ती एकच रात्र.

रिझर्वेशन

आमचा मूळ बेत वाईट नव्हता. भुसावळहून गाडी पकडून न्यू जलपाईगुडी, पहिला मुक्काम माणेभंजनला, दुसरा तुमलिंग (सुमारे 2970 मीटर), तिसरा कालीपोखरी (सुमारे 3170), चौथा संदकफूला. शरीराला चढती पायरी मिळत होती. पण परतीचं रिझर्वेशन मी अगदी घट्ट बसवलं होतं. जायला आणि यायला मोकळा दिवस एकही नाही. दोघांच्या रजा मोजून मिळालेल्या, एकाच्या भाचीचं लग्न, जिभाऊंची मक्याची काढणी. सगळ्यांची सोय बघता बघता मी डोंगराची सोय बघायची विसरलो.

गाडी दहा तास उशिरा पोहोचली. सकाळऐवजी रात्र झाली आणि माणेभंजनचा मुक्काम सिलिगुडीत झाला, समुद्रसपाटीपासून जेमतेम 120 मीटरवर. त्या रात्री लॉजच्या खोलीत मी कागद घेऊन बसलो. तीन मार्ग होते. परतीची तिकिटं रद्द करून पुढची मिळतात का बघायचं, पण वेटिंगचा आकडा बघूनच तो विचार सोडला. संदकफू सोडून तुमलिंग-कालीपोखरीवरून परतायचं. किंवा चालायचा पहिला दिवस गाडीनं उरकून दुसऱ्याच संध्याकाळी थेट तुमलिंग गाठायचं. मी तिसरा मार्ग निवडला आणि सकाळी सगळ्यांना सांगितलं की आपण एक दिवस वाचवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सकाळी 120 मीटरवर नाश्ता आणि रात्री 2970 मीटरवर झोप, असा तो वाचवलेला दिवस होता. उंचीवरच्या आजाराबद्दल वाइल्डरनेस मेडिकल सोसायटी या डॉक्टरांच्या संस्थेच्या सूचना मी नंतर नीट वाचल्या. एका दिवसात 2800 मीटरच्या वर चढून तिथेच झोपणं हे त्यांनी मध्यम धोक्यात धरलं आहे. 3000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा दर रात्री 500 मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असंही त्यात आहे. हे वाचन मी आधी करायला हवं होतं.

तुमलिंगची रात्र आणि गैरीबासचा फसवा उतार

तुमलिंगला थंडी मरणाची होती. जळगावातून निघालो तेव्हा पारा 42 वर होता, इथं पहाटे गवतावर दहिवर गोठलेलं. रात्री मला झोप लागली नाही, बाकीच्यांनाही नीट लागली नाही. सकाळी सगळे म्हणाले, जागा नवी आहे. जिभाऊंचं डोकं रात्रभर ठणकत होतं हे मला तेव्हा कळलं नाही. त्यांनी स्वतःजवळची तापाची गोळी घेतली आणि खोलीतल्या भाच्याला सांगितलं, ‘मन्हं डोकं दुखी ऱ्हायनं, पन कोनले सांगू नको.’ भाचा 24 वर्षांचा. मामाचा शब्द त्यानं पाळला.

त्यांच्या डोक्यात त्याची कारणंही तयार होती. दोन रात्रींचा रेल्वेप्रवास, गाडीतल्या गचक्या, थंडीत पुन्हा पुन्हा बाहेर जावं लागू नये म्हणून कमी प्यायलेलं पाणी. यातलं प्रत्येक कारण खरं असू शकतं, म्हणून तर ते फसवतं. 2500 मीटरच्या वर नव्यानं सुरू झालेलं डोकेदुखीचं दुखणं, दुसरं काही सिद्ध होत नाही तोवर उंचीचंच धरायचं, हा नियम आज मी गटाला पाठ करून घेतो.

दुसऱ्या दिवशीची वाट आणखी फसवी. तुमलिंगहून ती आधी खाली उतरते, साडेतीनशे मीटर खाली गैरीबासला, जिथं सीमा बलाचं ठाणं आहे. उतरताना जिभाऊंचं डोकं हलकं झालं, गैरीबासला त्यांनी दोन वाट्या नूडल्स खाल्ले, जवानांशी गप्पा मारल्या. त्यांना वाटलं आपण बरे झालो. प्रत्यक्षात उतारानं शरीराला थोडी हवा मिळाली होती. त्यानंतर पुन्हा चढ सुरू झाला आणि दुपारी कय्याकट्टाच्या पुढं ते गटाच्या शेवटी गेले. नेहमी पुढं असणारा माणूस मागं राहिला, हे मी बघितलं. ‘फोटो काढत असतील’ असं म्हणून पुढं चालत राहिलो. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. नाडी मोजायला किंवा प्राणवायू मोजायचं यंत्र लावायला फार काही लागत नाही, पण आपल्या माणसाची चाल बदलली हे ओळखायला तर काहीच लागत नाही.

कालीपोखरी म्हणजे काळ्या पाण्याचं छोटं तळं, काठाला प्रार्थनेच्या पताका. तिथं रात्री जिभाऊ जेवले नाहीत. घरून आणलेल्या कळण्याच्या भाकरीचा तुकडा आणि ठेचा समोर होता, आणि खान्देशी माणूस ठेच्याला नाही म्हणतो तेव्हा तरी विचारायला पाहिजे होतं. विचारलं, ते म्हणाले पोट जड आहे. रात्री लॉजच्या मागं जाऊन ते ओकले. हेही फक्त भाच्याला माहीत.

आजाराची मोजणी करायची एक साधी पद्धत आहे, लेक लुईस नावाची, 2018 साली सुधारलेली. डोकेदुखी, पोट, थकवा आणि भोवळ, चौघांना शून्य ते तीन गुण. डोकं दुखत असेल आणि बेरीज तीन किंवा जास्त झाली तर उंचीचा आजार लागला असं समजायचं. त्या रात्री कोणी जिभाऊंना चार प्रश्न विचारले असते आणि त्यांनी खरं उत्तर दिलं असतं, तर बेरीज सहाच्या खाली आली नसती, आणि सकाळी ते वर निघालेच नसते. प्रश्नांचा तो कागद माझ्या सॅकमध्ये घडी करून ठेवलेला होता.

बिखेभंजनच्या वर

तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला दोन पोर्टर मोठ्या सॅका घेऊन पुढं निघाले, संदकफूला खोल्या धरायला. पाठ हलकी राहावी म्हणून मी माझी मोठी सॅक त्यांच्याकडे दिली. औषधांची लाल पिशवी तिच्यातच होती. जळगावच्या डॉक्टरांनी कागदावर प्रमाण लिहून दिलेल्या, मेंदूची सूज कमी करणाऱ्या डेक्सामेथासोनच्या गोळ्या, आणि एका पाकिटात सगळ्यांची ओळखपत्रं. आम्ही साडेसहाला निघालो. म्हणजे आजारी माणूस खाली आणि औषध शिखरावर, अशी मांडणी मी स्वतःच्या हातानं केली.

कालीपोखरी ते संदकफू सहा किलोमीटर, चढ साडेचारशे मीटरच्या वर. मधे बिखेभंजन लागतं. बिख म्हणजे विष. या उतारांवर बचनाग उगवतो, त्यावरून नाव पडलं असं सांगतात, आणि संदकफू या नावाचा अर्थही विषारी झाडांची उंच जागा असाच लावतात. बिखेभंजनच्या पुढं वाट अंगावर येते. साडेआठला मागं वळून बघितलं तर जिभाऊ काठीवर दोन्ही हात टेकून उभे. पाणी दिलं, बसवलं. म्हणाले, ‘माले काहीच व्हयेल नई भो, मी चालस.’ पुन्हा उठले. सव्वानऊच्या सुमारास ते वाटेच्या कडेच्या दगडाला धडकले. पडले नाहीत, पण बोलताना शब्द जड येत होते.

आमचे गाईड तिथलेच, पस्तिशीचे. सगळे त्यांना दाजू म्हणायचो. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि काठीनं मातीत सरळ रेघ ओढली, चार-पाच पावलांची. जिभाऊंना म्हणाले, या रेघेवर चालून दाखवा, टाचेला चवडा लावत. घरी हे आपण मुलांचा खेळ म्हणून करतो. जिभाऊ दोनदा रेघेच्या बाहेर गेले आणि तिसऱ्यांदा मला धरून उभे राहिले. दाजूंनी काठी पुसून ठेवली आणि एकच शब्द बोलले, खाली.

ही चाचणी का महत्त्वाची, हे नंतर डॉक्टरांनी समजावलं. संदकफूच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. हवेत प्राणवायूचं प्रमाण तेच 21 टक्के, पण प्रत्येक श्वासात हाती येतो तो तेवढाच कमी. शरीराला जुळवून घ्यायला दिवस लागतात. ते मिळाले नाहीत तर मेंदूत पाणी झिरपून सूज येऊ लागते, आणि त्या सुजेत तोल लवकर बिघडतो. डोकेदुखी आणि मळमळ इथवर माणूस थांबला तर बरा होतो. तोल गेला, बोलणं अडखळलं, माणूस भलतंच बोलू लागला, की तो आजार जिवावरचा झाला. त्यात थांबायचं नसतं, गोळी घेऊन वर जायचं तर नसतंच. आहे तिथून हजार मीटर खाली, किंवा माणूस ताळ्यावर येईपर्यंत, उतरायचं.

मला हे सगळं तेव्हा एवढं माहीत नव्हतं. आणि नेमकं त्याच वेळी खालून एक लँड रोव्हर आली.

गाडीतली रिकामी जागा

गाडीत वयस्कर प्रवासी होते, मागं एक जागा रिकामी. चालक थांबला आणि म्हणाला, आजारी माणूस आहे ना, बसवा. दोन किलोमीटर तर राहिलेत. वर लॉज आहे, गरम पाणी आहे, प्रवाशांना सोडून मी यांना लगेच खाली नेतो.

या प्रस्तावात वाईट काहीच नव्हतं. चालकाचं मन साफ होतं. आणि आमच्यातल्या बहुतेकांना तो देवानं पाठवलेला वाटला. भाचा रडायलाच लागला. तेव्हा त्यानं डोकेदुखी आणि उलटी, दोन्ही सांगितलं, आणि त्याच श्वासात म्हणाला, मामांनी धुळ्याच्या एकविरेची कुंकवाची पुडी आणली आहे, वरच्या दगडाला लावायची म्हणून, गाडीनं का होईना त्यांना वर जाऊ द्या. जिभाऊ स्वतःही म्हणाले, ‘आते ते दोनच किलोमीटर शे.’ गटातल्या दोघांनी पैशाचं सांगितलं: खाली वेगळी गाडी केली तर भाडं भरमसाट, ही फुकट मिळते आहे.

मी डळमळलो. हे प्रामाणिकपणे लिहिणं भाग आहे. गाडीचा दरवाजा धरून मी उभा होतो आणि मनात गणित मांडत होतो, वर अर्धा तास, मग खाली. दोनशे मीटरनं असा काय फरक पडणार? दाजू मधे आले. ते म्हणाले, वर गेल्यावर तुम्ही म्हणाल जरा पडू द्या, चहा पिऊ द्या, फोटो काढू द्या. मग ढग येतील, गाडी थांबेल, रात्र होईल. मग मला यांना पाठीवर न्यावं लागेल. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नव्हता. अशा वाटेनं गेलेली माणसं त्यांनी पाहिली असावीत.

निर्णय झाला. गाडी जिभाऊंना न घेता वर गेली. दाजूंनी नेपाळच्या सिमवरून वरच्या लॉजवर पोर्टरला फोन लावला: लाल पिशवी आणि ओळखपत्रांचं पाकीट या गाडीत ठेवा. भारतीय नेटवर्क तिथं कोणाच्याच फोनला नव्हतं. चालकानं परत येताना बिखेभंजनला आम्हाला उचलायचं कबूल केलं. दाजू, भाचा आणि मी जिभाऊंना दोन्हीकडून धरून खाली निघालो. बाकी सहा जण गाडीवाटेनं वर गेले. वाट चुकण्यासारखी नव्हती आणि वर पोर्टर होते, म्हणून गट तोडायचं धाडस केलं. तरी त्यांना एकच अट घातली, सगळ्यांनी एकत्र चालायचं आणि पोहोचल्यावर फोन.

बिखेभंजनपर्यंतच्या पाऊण तासात जिभाऊ दोनदा ‘वणी आली का’ असं म्हणाले. हे वाक्य मी विसरू शकत नाही.

साडेदहाला गाडी आली. पिशवीत डॉक्टरांचा कागद होता, त्याप्रमाणे 8 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिलं. गैरीबासला पोहोचायला पावणेबारा झाले. ठाण्यातल्या जवानांनी नोंद लगेच केली, खाट दिली. तिथं जिभाऊंनी स्वतःहून पाणी मागितलं. थांबू का, असं मी विचारलं, दाजूंनी नाही म्हणून सांगितलं, कारण काल इथंच त्यांना बरं वाटलं होतं. दुपारी तीनच्या आसपास माणेभंजन, संध्याकाळी जवळच्या मोठ्या गावातला दवाखाना. प्राणवायू, औषध, रात्रभर देखरेख. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी फरशीच्या सांध्यावरून त्यांना टाचेला चवडा लावत चालवलं. दहा पावलं सरळ गेली. मी दवाखान्याच्या जिन्यात जाऊन रडलो.

त्याच सकाळी सहा जणांना वरून एव्हरेस्टसकट सगळं दिसलं. त्यांनी फोन करून सांगितलं तेव्हा जिभाऊ म्हणाले, चांगलं झालं.

कशानं घडलं आणि आता काय करतो

लोक विचारतात, एवढा दणकट माणूस, त्यालाच कसं झालं? दणकटपणाचा या आजाराशी संबंध नाही. पाय आणि छाती मजबूत असली म्हणून मेंदू उंचीला लवकर रुळतो असं नाही. उलट मजबूत माणूस दुखणं अंगावर काढून जास्त वर पोहोचतो. गटातली सगळ्यात हळू चालणारी ताई, जिला आम्ही घ्यावं की नाही यावर दोन बैठका झाल्या होत्या, ती संदकफूला सगळ्यांत ताजी पोहोचली.

गोळीचा प्रश्नही निघतो. एसिटाझोलामाइड ही गोळी आधीपासून घेतली तर शरीर लवकर जुळवून घेतं. सकाळ-संध्याकाळ 125 मिलिग्रॅम हे नेहमीचं प्रमाण. पण सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. आमच्यात चार जणांनी मुंग्यांच्या भीतीनं घेतलीच नाही, जिभाऊ त्यांतले एक. मी आग्रह धरला नाही. गोळी घेतली असती तर तो वाचवलेला दिवस सुरक्षित झाला असता असं मात्र मी म्हणणार नाही. मुळात तो दिवस वाचवायचाच नव्हता.

माझ्या मते या प्रकरणाचं मूळ दोन गोष्टींत आहे. पहिली रिझर्वेशनची. दुसरी अवघड आहे, ती म्हणजे लपवणं. जिभाऊंनी लपवलं ते भीतीनं नाही. त्यांच्यामुळे आठ जणांचा बेत मोडू नये, वर्गणी वाया जाऊ नये, म्हणून. हा त्यांचा चांगुलपणा आहे आणि आपल्या पायी यात्रांनी तो घडवला आहे. वणीच्या वाटेवर अंगावर काढणं चालतं, कारण तिथं थकलेल्याला रात्रीची झोप पुरते. 3000 मीटरच्या वर रात्रीची झोपच दुखणं वाढवते. माणसाला सांगायला लाज वाटणार असेल तर त्याच्या सांगण्यावर काही अवलंबून ठेवायचं नाही, एवढं मला यातून कळलं. तोल गेलेल्या माणसाला तर तुम्ही वर येता का, असं विचारणंच चूक आहे. उत्तर ठरलेलं असतं.

म्हणून आता गटात संध्याकाळी जेवणाआधी चार प्रश्न होतात, सगळ्यांना, सगळ्यांसमोर, मलाही. आकडा वहीत लिहितो. बेरीज तीन झाली की त्या माणसाचा दुसऱ्या दिवशीचा चढ बंद, आणि त्याच्याबरोबर कोण थांबणार हे नाव घरून निघण्याआधीच ठरलेलं असतं. औषधांची पिशवी आणि ओळखपत्रं पाठीवरच्या छोट्या पिशवीत, पोर्टरकडे कधीच नाही. खाली उतरायच्या गाडीचे पैसे वर्गणीतून वेगळे काढून पाकिटात ठेवतो, म्हणजे भाड्यावर त्या वेळी तोंडं उघडत नाहीत. न वापरलेलं पाकीट परत आल्यावर सगळ्यांत वाटतो. खोलीतल्या सोबत्यासाठी वेगळी अट आहे: शपथ घातली तरी सांगायचं. ही अट भाच्यानं सुचवली. बैठकीत उठून तो म्हणाला की मी मामाचा शब्द पाळला आणि मामा गमावत होतो. त्यावर जिभाऊंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

येत्या नोव्हेंबरची तिकिटं काढली आहेत. परतीच्या आधी दोन मोकळे दिवस ठेवलेत, पहिला मुक्काम माणेभंजन, दुसरा चित्रे, मगच तुमलिंग. रजा मिळत नाहीत म्हणून दोघं गळाले, त्यांच्या जागी भुसावळचे दोघं आले. जिभाऊंचं नाव यादीत शेवटी आहे, पेन्सिलनं लिहिलेलं. त्यांची पुन्हा तपासणी जळगावच्या डॉक्टरांकडे झाली. डॉक्टर म्हणाले, एकदा झालेल्याला पुन्हा व्हायची शक्यता जास्त, मला विचार करू द्या. कुंकवाची पुडी त्यांच्या देव्हाऱ्यात आहे. डॉक्टरांची चिठ्ठी अजून आलेली नाही.